पाचापैकी पाच, न ऐकता

हे मी लिहिणारच नव्हतो. दोनदा सुरुवात केली, दोनदा पुसलं. कारण यात ज्यांना मी शिव्या घालणार आहे त्यांच्याच रांगेत मीही उभा आहे, आणि तिथे आलं की बोटं अडतात. पण सकाळपासून पाऊस धरलाय. पावसात गाडी धुवायला कोण येणार? आमचा मालक शेरको खुर्चीत घोरतोय. मोबाईल चार्ज आहे. लिहूनच टाकतो.

मी रेबिन. रानियाचा, कुर्दिस्तानातला. सहा वर्षं झाली मला या बंदराच्या गावात. इंग्रजी मी शाळेत शिकलो नाही, गाड्या धुताना शिकलो. पाण्याचा फवारा चालू असतो, रेडिओ बोंबलत असतो, काच चार बोटं खाली येते आणि आतला माणूस काहीतरी पुटपुटतो. ‘आतून पण कर.’ ‘नुसती बाहेरून.’ ‘चाकं घास रे, मागच्या वेळी नुसती ओली करून सोडलीस.’ एकदाच बोलतो. परत विचारलं की काच वर. मग शेरको वरून ओरडतो, ‘कान भाड्याने दिलेत का?’ असं शिकलो. दोन वर्षांत सगळं कळायला लागलं. पण हे इंग्रजी मला कायम चोरीच्या मालासारखं वाटायचं. चारचौघांत काढायची लाज.

मंगळवारी आणि गुरुवारी कॉलेजात आमचा वर्ग असतो. बाहेरच्या देशांतून आलेल्या मोठ्या माणसांचा. माझ्या शेजारी बसते अल्गानेश. इरिट्रियाची, केरेनची. चाळिशीला टेकलीय. तिकडे अकरा वर्षं सुईण होती, इकडे वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळी घालते. मी तिला ताई म्हणतो. आधी तिला आवडायचं नाही, ‘मी काय म्हातारी दिसते का तुला?’ म्हणायची. आता नाही म्हटलं तर विचारते, ‘काय रे, रागावलास का?’

तिचं एकच आहे. सप्टेंबरात नर्सिंगच्या कोर्सला जायचं. तिकडून तिला बोलावणं आलंय, एकाच अटीवर: इंग्रजीची परीक्षा पास करून ये. वाचन पास. लिहिणं पास. बोलणं तर असं पास की परीक्षकच तिला पायदुखीवर उपाय विचारत बसला. ऐकणं, दोनदा नापास. तिसरी आणि शेवटची संधी चौदा जूनला. ही गेली की तिची जागा यादीतल्या पुढच्या माणसाला.

आता गंमत बघा. ताईला ऐकू येत नाही असं नाही. त्यांच्या आश्रमात सिरिल म्हणून एक आजोबा आहेत, नव्वदीचे, जन्मभर मासेमारीच्या बोटीवर. तोंडात एक दात नाही. ते ‘ए पोरी, त्ये तिकडलं आन की जरा, त्ये गं, त्ये’ असं बोलतात आणि त्यांच्या पोटच्या मुलालाही कळत नाही. मुलगा ताईलाच विचारतो, ‘बाबा काय म्हणतायत?’ ताई सांगते, ‘चष्मा मागतायत, आणि तुम्ही उशिरा आलात म्हणून रागावलेत.’ दोन्ही बरोबर.

मग परीक्षेत का आपटते? मी विचारलं होतं. म्हणाली, ‘सिरिलला तोंड आहे रे. हात आहे. टेपला काय आहे? नुसतं भोक.’

आणि गेल्या वर्षापासून परीक्षा बदललीय. आधी टेपवरची माणसं सावकाश, एकेक शब्द धुऊन-पुसून बोलायची. आता खऱ्यासारखं असतं. मागे बस सुटतेय, बोलणारा मध्येच खोकतो, वाक्य अर्ध्यात सोडतो. आणि वर्गात? वर्गात जुन्याच टेपा. बावीस जण बसलो होतो, एकोणीस आपटले. मी तीन वाचलेल्यांतला एक; माझं लिहिणं राहिलंय, म्हणून वर्ग सुटलेला नाही. गाड्यांनी वाचवलं, टेपांनी नाही.

एकोणीस जण आपटल्यावर कॉलेजला जाग आली. नवीन धडे आणायचे ठरले, ऐकायला शिकवणारे. कुठले आणायचे ते ठरवायला समिती बसली. आणि समितीत विद्यार्थ्यांतर्फे एक माणूस हवा म्हणून विभागाच्या मुख्य बाई फिलिपा वर्गात आल्या, सगळ्यांवरून नजर फिरवली आणि मला म्हणाल्या, ‘रेबिन, तू येशील का? आम्हाला तुझं ऐकायचंय.’

आम्हाला तुझं ऐकायचंय. हे वाक्य मी त्या आठवड्यात किती वेळा मनात घोळवलं ते सांगत नाही.

गळ्यात घालायला पट्टी मिळाली, त्यावर माझं नाव. मी ती गाड्या धुताना पण घातली. शेरको म्हणाला, ‘वा, साहेब! आता साबण कोण लावणार?’

ताईने मात्र चेष्टा केली नाही. वर्ग सुटल्यावर बस थांब्यावर मला धरलं. ‘हे बघ, तिथे आमच्यातलं कोणी नसणार. तूच. एकच काम कर. ज्यात माणसं माणसांसारखी बोलतात ते आण. परीक्षेआधी मला चार आठवडे मिळतील. चार आठवडे पुरे आहेत मला.’

‘आणतो ना, ताई. त्यात काय.’

त्यात काय, म्हणालो मी.

पहिल्या मीटिंगला मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. खोलीत तिघं होते. फिलिपा. आमचे मास्तर गॅरेथ, वीस वर्षं हेच शिकवतायत, सायकलवरून येतात आणि हेल्मेट टेबलावर असं ठेवतात जसा कोणी मुकुट ठेवावा. आणि दर्जा विभागातली मोइरा. दर्जा विभाग म्हणजे काय ते मला अजून कळलेलं नाही. मोइरालाही कळलंय की नाही शंका आहे, पण तिच्याकडे लॅपटॉप होता आणि त्यात रकाने होते. टेबलावर चहा, क्रीमची बिस्किटं आणि तीन पेट्या. अ, ब, क.

पेट्या उघडल्या. आत पुस्तकं, आणि प्रत्येक संवादाची छापील प्रत. अ पेटीतलं पुस्तक काय सांगू! जाड गुळगुळीत पानं, चित्रं अशी की खाऊन टाकावीत. गॅरेथ मास्तरांनी पान नाकाशी नेऊन वास घेतला. खोटं नाही सांगत.

‘सुंदर,’ फिलिपा म्हणाल्या. ‘ऐकूया का थोडं?’

मोइराने भिंतीवरच्या स्पीकरकडे बघितलं. त्याची वायर मार्च महिन्यात कोणीतरी काढून नेली होती. ‘तक्रार केलेली आहे,’ ती म्हणाली, आणि तक्रारीचा नंबर सांगितला. तोंडपाठ. सहा आकडी.

‘मग लॅपटॉपवर?’ मी म्हणालो.

‘लॅपटॉपवर आवाजाचा खरा दर्जा कळत नाही,’ मोइरा म्हणाली.

‘बरोबर आहे,’ गॅरेथ म्हणाले. ‘आपण घरी ऐकू सगळे. शांतपणे.’

आवाज वेबसाईटवर होते, त्यांचे पासवर्ड वाटले गेले. फॉर्म वाटले गेले. फॉर्मवर बावीस प्रश्न. पानांची मांडणी. रंगसंगती. चित्रांत सगळ्या वर्णांची माणसं आहेत का. मास्तरांचा तयारीचा वेळ किती वाचतो. उत्तरं शेवटी दिलीत की वेगळ्या पुस्तकात. प्रत्येकाला पाचापैकी गुण. ऐकण्याबद्दलचा प्रश्न होता, नाही असं नाही. एकोणिसावा. ‘आवाजाची स्पष्टता.’ बस, दोन शब्द. बाकी एकवीस प्रश्न डोळ्यांसाठी.

बैलाची परीक्षा त्याच्या फोटोवरून करावी तशी ही परीक्षा. आणि बैल बाहेर दारात उभा!

फिलिपांनी ऐटीत डोकं हलवलं. ‘शुक्रवारपर्यंत भरून द्या. आणि रेबिन, तुझ्या शेऱ्यांची मी विशेष वाट बघतेय.’

आता ते सांगतो जे सांगायचं नव्हतं.

मी ऐकलं नाही.

वेळ होता. मोबाईल होता, पासवर्ड होता, कानात घालायच्या वायरी होत्या. पण मी बिछान्यावर पुस्तकं पसरून बसलो आणि वाचत राहिलो. वाचायला भारी वाटत होतं. पेन कानामागे खोचलं होतं, शपथेवर. अ पेटीत पीटर आणि सुझन होते. ‘शुभ सकाळ, पीटर. आज हवा किती छान आहे, नाही का?’ ‘होय, सुझन. मी टोमॅटोचं सूप घेईन.’ ‘मलाही टोमॅटोचं सूप आवडतं.’ प्रत्येक वाक्याला डोकं आणि शेपूट. मला वाटलं, हे खरं इंग्रजी. फिलिपांसारखं. हे मला यायला हवं होतं.

मग क पेटी उघडली. स्वस्त कागद, चित्र एक नाही, आणि छापलेलं काय तर हे:

‘हां, बोला, नाव काय म्हणालात, थांबा हं, दुसरा फोन, हां बोला, नाही नाही तुम्ही नाही, ते झाकण लाव गं त्याचं, हां, तर गुरुवारी, गुरुवारी डॉक्टर, नाही, गुरुवारी नाहीच, शुक्रवारी सकाळी चालेल का, म्हणजे सकाळी म्हणजे पावणेबारा.’

असली पानंच्या पानं. अं. हं. म्हणजे. ते हे. मला किळस आली. अगदी खरं सांगतो, किळस. हे तर आमच्या गाड्यांच्या अड्ड्यावरचं बोलणं. यासाठी मी शर्टाला इस्त्री केली का? क पेटीला मी सगळीकडे एक दिला. एकोणिसाव्या प्रश्नालाही एक. ‘आवाजाची स्पष्टता’: एक. अ पेटीला पाच. आणि शेऱ्याच्या जागी झोकात लिहिलं: ‘हे इंग्रजी अशुद्ध आहे. आम्हाला शुद्ध इंग्रजी शिकायचे आहे.’

शुक्रवारी फॉर्म दिला. सोमवारी निकाल. अ पेटी साडेचारच्या वर. क पेटी दोनच्या खाली. सगळे खूश. फिलिपांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

ताईने बस थांब्यावर विचारलं, ‘काय ठरलं?’

‘सगळ्यात चांगलं होतं ते घेतलं.’

‘माणसांसारखं?’

‘हो हो,’ मी म्हणालो.

एक गाडी आली होती. या पावसात. बाई म्हणाली, ‘कुत्रा ओकलाय मागच्या सीटवर.’ तर ते करून आलो.

हां. तर नव्या धड्यांचा पहिला वर्ग. गॅरेथ मास्तर नवा स्पीकर काखेत घालून आले, कारण भिंतीवरचा अजून मुकाच. पीटर बोलला. सुझन बोलली. सूप मागवलं, सूप आलं, सूप छान होतं. कोणी खोकलं नाही. मागे चमचा वाजला नाही. हॉटेलात दोघंच, जणू बाकीचं गाव पळून गेलं होतं. मध्ये एक म्हातारी येते, एक पोलीस येतो, एक भारतातला डॉक्टर येतो, आणि नीट कान दिलात तर तो सगळा एकच माणूस. आवाज थोडा जाड करायचा, थोडा बारीक. पोरं मांजर-कुत्रा करतात तसं.

वीस प्रश्न. मला वीस. ताईला वीस. मागच्या बाकावरचा कासम, जो तीन महिन्यांपूर्वी आलाय आणि अजून ‘हो’ म्हणायचं तिथे ‘धन्यवाद’ म्हणतो, त्याला एकोणीस.

गॅरेथ मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. ‘बघितलंत? चांगलं साहित्य असलं की असं होतं!’

चौथ्या वर्गाला ताई घरून हिंबाशा भाजून घेऊन आली, त्यांची ती गोल गोड भाकरी, सणाची. सगळ्यांना तुकडा दिला. मला मोठा. ‘रेबिन, ऐक ना. मला सगळं कळतंय. सलग तीन वेळा वीस पैकी वीस. मी आश्रमात मॅनेजरला सांगून टाकलं, सप्टेंबरपासून माझ्या जागी माणूस बघा म्हणून.’

‘सांगून टाकलंस?’

‘मग काय! यावेळी होणारच.’

तो तुकडा मी कागदात गुंडाळून खिशात ठेवला. मी परीक्षा दिलेला माणूस आहे. मला माहीत आहे तिथे काय येतं. तिथे पीटर येत नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी गाड्यांच्या मागे, साबणाच्या पिंपावर बसून पहिल्यांदा क पेटीची वेबसाईट उघडली. कानात वायरी घातल्या. तीच दवाखान्यातली बाई. ‘हां, बोला, नाव काय म्हणालात, थांबा हं...’ कागदावर जो कचरा वाटला होता तो कानात गेला आणि बाई समोर उभी राहिली. खांद्यात फोन धरलेली, एका हाताने कसल्यातरी डब्याचं झाकण शोधणारी, बिचारी दमलेली. कुठे थांबते, कुठे आवाज चढतो, यावरून कळतं की महत्त्वाचं फक्त ‘शुक्रवार’ आणि ‘पावणेबारा’ आहे, बाकी नुसती धूळ. म्हणजे ताईला हवं होतं तेच. मी तीन ऐकले, चार ऐकले. एक नळवाला होता, तो हुबेहूब आमचं गिऱ्हाईक.

मग खाली नजर गेली. तिथे प्रत्येक संवादाखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, तुमच्या संस्थेतून हा किती वेळा वाजवला गेला. मी ऐकलेल्या चारांपुढे एक, एक, एक, एक. बाकी छत्तीसांपुढे शून्य.

म्हणजे मी पहिला. निकाल लागून पंधरा दिवस झाल्यावर.

ब पेटी उघडली. सगळीकडे शून्य. अ पेटी उघडली. गॅरेथ मास्तरांनी वर्गात वाजवलेले तेवढे, पुढे शून्यच शून्य. आणि तारीख पण असते तिथे. पहिला वाजवला तो वर्गाच्या दिवशी. त्याच्या आधी कोणीही नाही. फिलिपा नाही, गॅरेथ नाही, मोइरा नाही, गळ्यात पट्टी घातलेला तो शहाणा रेबिनही नाही.

मला हसू आलं आधी. चार माणसं, बावीस प्रश्न, तीन पेट्या, एकेकाने सहासष्ट वेळा गुण दिले, आणि कान एकाचाही उघडला नाही. कानांसाठीचा माल! उंटावरून शेळ्या हाकणारे निदान शेळ्यांचं ओरडणं तरी ऐकतात.

शेवटची मीटिंग होती, सह्या करायची. तीच खोली, तीच बिस्किटं. स्पीकर मुका. मी बसलोच नाही.

‘मॅडम, एक विचारू? हे कोणी ऐकलं?’

‘काय ऐकलं?’

‘धडे. गुण देण्याआधी.’

फिलिपांनी गॅरेथकडे बघितलं, गॅरेथनी मोइराकडे, मोइराने लॅपटॉपकडे.

‘मी चाळलं,’ गॅरेथ म्हणाले.

‘आवाज कसा चाळतात, सर?’

‘हे बघ, वीस वर्षं झाली मला. पान बघितलं की मला ऐकू येतं.’

‘तिथे लिहून येतं, सर, किती वेळा वाजवलं ते. शून्य आहे. सगळीकडे.’

‘ती आकडेवारी विश्वासार्ह असेलच असं नाही,’ मोइरा म्हणाली. ‘आवाजाची स्पष्टता मी माहितीपत्रकावरून घेतली. त्यात लिहिलंय, उत्तम स्टुडिओत ध्वनिमुद्रित.’

‘विकणाऱ्यानेच लिहिलंय ना ते?’

‘मग आणखी कोण लिहिणार?’ मोइराला खरंच कळलं नाही.

मी म्हणालो, ‘क पेटी एकदा ऐका. आत्ता. माझ्या मोबाईलवर. दीड मिनिटाचं आहे.’

आणि मी लावलं. त्या खोलीत पहिल्यांदा आवाज आला. दवाखान्यातली बाई बोलायला लागली. अर्ध्या मिनिटात फिलिपांनी हात वर केला. रागाने नाही, प्रेमाने. तसं जास्त लागतं.

‘रेबिन. मला तुझी कळकळ आवडते. पण हे बघ.’ त्यांनी फाईल उघडली. पहिल्याच पानावर चौकटीत माझं वाक्य. ‘हे इंग्रजी अशुद्ध आहे. आम्हाला शुद्ध इंग्रजी शिकायचे आहे.’ खाली लिहिलेलं: विद्यार्थी प्रतिनिधी. ‘क पेटीला सगळ्यात कमी गुण कोणी दिलेत माहितीये? आम्ही नाही. तू. एकोणिसाव्या प्रश्नालासुद्धा एक. मी तर मनात म्हटलं, मुलाने किती बारकाईने ऐकलंय!’

मी ती चौकट पुन्हा वाचली.

‘तू ऐकलं होतंस ना?’ फिलिपांनी विचारलं.

मोबाईलवरची बाई अजून बोलत होती, ‘शुक्रवारी चालेल का, शुक्रवारी’. मी ती बंद केली.

‘बिस्किट घे,’ फिलिपा म्हणाल्या.

आणि मी घेतलं. बिस्किट पण घेतलं आणि सही पण केली. या माणसांची मला कीव येत नाही, घृणा येते. पण त्यांच्यात आणि माझ्यात एवढाच फरक आहे की ते दर वर्षी करतात, मी एकदा केलं, आणि पहिल्याच वेळेला त्यांच्यापेक्षा सफाईने केलं. त्यांना निदान टोमॅटोचं सूप खरंच आवडत असेल. मला तर माहीत होतं माणसं कशी बोलतात. मीच त्या बोलण्याला एक दिला.

काल दुपारी दोन वाजता ताईची सुट्टी असते तेव्हा वृद्धाश्रमाच्या मागे गेलो. तिथे कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांखाली एक बाक आहे. ताई फ्लास्कमधून कॉफी ओतत होती. मला बघून म्हणाली, ‘तोंड का असं? गाडीखाली आलास का?’

मी काही सांगितलं नाही. कानातली एक वायर तिला दिली. ‘आधी हे ऐक. दहा प्रश्न विचारतो.’

दवाखान्यातली बाई लावली. ताईचं तोंड बघत होतो. पहिल्या पाच सेकंदांत भुवया वर गेल्या, मग डोळे माझ्या ओठांवर आले, जणू तिथे सापडेल. मी मान दुसरीकडे केली. संपलं. विचारलं. दहापैकी तीन.

‘हे कुठलं?’ तिने विचारलं.

‘परीक्षेत असतं तसलं.’

‘आणि पीटर?’

‘पीटर परीक्षेत नसतो, ताई. कुठेच नसतो पीटर.’

तिने कॉफीचा कप बाकावर ठेवला. ‘हे तिथे होतं? त्या पेट्यांत?’

‘होतं.’

‘मग हे का नाही आणलंस?’

सांगितलं. सगळं. इस्त्रीचा शर्ट, कानामागचं पेन, किळस, एक गुण, चौकटीतलं वाक्य, बिस्किट.

‘थांब,’ ती म्हणाली. ‘एक गुण दिलास. ऐकून?’

‘न ऐकता.’

‘आणि त्या पीटरला पाच?’

‘तेही न ऐकता.’

तिने दोरीवरून घसरलेली एक चादर सरळ केली. आत सिरिल आजोबा कुणाला तरी हाका मारत होते.

‘केरेनला आमच्याकडे मशीन नव्हतं,’ ती म्हणाली. ‘लाकडाची एक नळी होती. एवढीशी. ती आईच्या पोटावर ठेवायची आणि दुसऱ्या टोकाला कान लावायचा. अकरा वर्षं. हजारावर पोटं असतील. बायका विचारायच्या, माझं बाळ कसं आहे. काही बायका तर दारातूनच विचारायच्या, चेहरा बघून सांग म्हणायच्या, घाई असायची. मी एकदासुद्धा, ऐक नीट, एकदासुद्धा कान लावल्याशिवाय म्हटलं नाही की बाळ ठीक आहे.’

‘ताई...’

‘तू मला म्हणालास, माणसांसारखं आहे. बस थांब्यावर. हो हो म्हणालास. मी मॅनेजरला सांगून आले, सप्टेंबरात जातेय म्हणून.’

‘चुकलं माझं.’

‘ते लोक तर काय, त्यांच्याकडून मी कधी काही मागितलंच नव्हतं. तुझ्याकडून मागितलं होतं.’ मग एकदम म्हणाली, ‘पुन्हा लाव.’

‘काय?’

‘ती बाई. पुन्हा लाव. डोळे मिटते मी.’

लावलं. तिने डोळे मिटले आणि डोकं थोडं खाली, एका बाजूला झुकवलं. कधी बघितलं नव्हतं तिला असं. नळी लावल्यावर अशीच बसत असेल. दहापैकी पाच. पुन्हा लावलं. सहा. चौथ्यांदा तीच म्हणाली, ‘हिला लहान मूल आहे. दमलीय.’ तो प्रश्नच नव्हता.

‘तो पासवर्ड कधीपर्यंत आहे?’

‘तीस जून.’

‘परीक्षा चौदाला. म्हणजे तेरा दिवस. रोज दोन वाजता येशील. इथे.’

‘येईन. शेरकोला सांगतो.’

‘कागद आणायचा नाही.’

‘नाही आणत.’

‘आणि वर्गातले बाकीचे? कासम, त्या दोन लिथुआनियन बहिणी? सगळे वीस पैकी वीस घेऊन नाचतायत. त्यांना कोण सांगणार?’

‘मी पासवर्ड देतो सगळ्यांना.’

‘पासवर्ड दे. पण आधी सांग. गुरुवारी. गॅरेथसमोर. की तू न ऐकता गुण दिलेस, आणि ते धडे कुचकामी आहेत, आणि हे तुला माहीत होतं.’

गॅरेथसमोर. सगळ्यांसमोर. त्यांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या होत्या, समितीत गेलो म्हणून.

‘लिहून आणतो,’ मी म्हणालो. ‘नीट लिहितो, आणि वाचून दाखवतो.’

‘वाचून नको,’ ताई म्हणाली. फ्लास्कचं झाकण घट्ट लावलं, उठली, पदर नाही पण तो निळा एप्रन झटकला. ‘पुन्हा कागद? तोंडाने बोल. अं करून, हं करून, अडखळत, कसंही. आम्ही ऐकू.’

‘आणि नाही जमलं तर?’

‘तर त्यानंतर इथे येऊ नकोस.’

आतून सिरिल आजोबा ओरडले, ‘ए पोरी! मेली का काय?’ ताई ओरडली, ‘आले हो, आले!’ आणि दारात थांबून माझ्याकडे बघत राहिली. नुसती. उत्तराची वाट बघत.

‘गुरुवारी बोलतो, ताई,’ मी म्हणालो. ‘कागदाशिवाय. सगळ्यांसमोर.’